तिने कारण दिलंच नाही

मी पंधरा वर्षांची असताना माझ्या पत्रमैत्रिणीला साडेतीन पानी पत्र लिहून चांगलंच झापलं होतं. तिचा गुन्हा काय तर तिने तीन महिने उत्तर पाठवलं नव्हतं. आम्ही कधी भेटलेलो नव्हतो, शाळेतल्या बाईंनी एक यादी आणली होती आणि त्यातून जोड्या लावून दिल्या होत्या, ती दुसऱ्या देशातली, आणि आम्ही दोघींनाही धड न येणाऱ्या भाषेत एकमेकींना लिहायचो. तरीपण ते साडेतीन पानी पत्र लिहायला मी डिक्शनरी घेऊन बसले होते, "बेजबाबदार"ला त्या भाषेत काय म्हणतात, "गृहीत धरणं" कसं लिहायचं, हे सगळं शोधून शोधून लिहिलं. पाकीट पोस्टात टाकल्यावर मला एकदम बरं वाटलं होतं हे मला अजून आठवतंय, आणि ते आठवून आजही वाईट वाटतं.

चार-पाच आठवड्यांनी उत्तर आलं. मी दोन गोष्टींसाठी तयार होते. एक तर ती माफी मागेल, नाहीतर काहीतरी भयंकर घडलेलं असेल, कुणी आजारी, कुणी गेलेलं, आणि मग मी मोठ्या मनाने "अगं आधी सांगायचंस ना" असं लिहीन. तिने यातलं काहीच केलं नाही. तिने लिहिलं होतं की कारण असं काही नाही, लिहायचा कंटाळा आला होता, आता परत लिहावंसं वाटतंय, आणि तुझ्या मांजरीला पिल्लं झाली का, किती झाली?

दोन दिवस मी धुमसत होते. पण मांजरीला खरंच पिल्लं झाली होती, चार झाली होती आणि एक गेलं होतं, आणि हे घरात सगळ्यांना सांगून झालं होतं, नवीन ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून मी तिला लिहिलं. बस्स, एवढंच झालं. पण माझ्यातला जो न्यायाधीश होता ना, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत निकाल देत बसणारा, त्याला पहिल्यांदा कुणीतरी सरळ दुर्लक्षून पुढे गेलं होतं, तेही अजिबात न भांडता, आणि मला वाटतं तिथून माझ्यात काहीतरी बदलायला लागलं.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण म्हणजे हल्ली जिथे जावं तिथे ही तक्रार ऐकू येते की टीनएजर पोरं फार जजमेंटल झालीयेत, कुणाच्या कपड्यांवरून, कुणाच्या उच्चारांवरून, कुणाच्या आईवडिलांच्या नोकरीवरून दोन सेकंदात निकाल लावतात आणि मग तो माणूस त्यांच्यासाठी संपतो. आणि यावर मोठ्यांकडे उपाय काय, तर एक लेक्चर. मूल्यशिक्षणाचा तास, भिंतीवर पोस्टर, वर्षातून एक दिवस "दयाळूपणा सप्ताह"चं उद्घाटन. माझं म्हणणं स्पष्ट आहे, यातल्या कशानेही पोरं बदलत नाहीत, आणि त्याऐवजी प्रत्येक माध्यमिक शाळेने प्रत्येक मुलाला किमान दोन वर्षं टिकेल असा एक पत्रमित्र मिळवून द्यावा. उपक्रम म्हणून, फोटो काढायला म्हणून नाही, तर जसा गणिताचा तास असतो तसा टाइमटेबलमध्ये. आणि त्यातून नक्की काय साधायचंय ते नीट समजून घेऊन, कारण मला दिसतं की ज्या थोड्या शाळा हे करतात त्याही बहुतेक चुकीच्या कारणासाठी करतात.

आधी हे बघू की या वयात पोरं इतकी कडक का वागतात. ती वाईट असतात म्हणून नाही. डेव्हिड एल्काइंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये "काल्पनिक प्रेक्षक" अशी एक कल्पना मांडली होती, म्हणजे किशोरवयात मुलाला सतत असं वाटत राहतं की सगळे आपल्याकडेच बघतायत, आपला पिंपल, आपला आवाज, आपली चप्पल, सगळ्यांची नजर तिथेच आहे. ज्याला कुणाला स्वतःचं ते वय आठवतंय त्याला हे वेगळं पटवून द्यायला नको. आता असं चोवीस तास स्टेजवर उभं राहायचं म्हणजे काय सोपं आहे का? मग पोरगं काय करतं, तो लाईट उचलतं आणि दुसऱ्याच्या तोंडावर मारतं. जितका वेळ सगळे त्याच्याकडे बघतायत तितका वेळ माझ्याकडे कुणी बघत नाही. वर्गातला जो सगळ्यात जास्त टोमणे मारतो त्याच्याकडे नीट बघा, तो स्वतः किती घाबरलेला असतो ते दिसेल.

आणि दुसरी गोष्ट तर फक्त पोरांची नाहीच, ती आपल्या सगळ्यांची आहे. १९६७ मध्येच जोन्स आणि हॅरिस या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला. लोकांना क्यूबाचा नेता फिडेल कॅस्ट्रो याच्यावरचे निबंध वाचायला दिले, काही बाजूने, काही विरोधात, आणि विचारलं की लिहिणाऱ्याचं खरं मत काय असेल. गंमत म्हणजे लिहिणाऱ्याला कुठली बाजू घ्यायची ते सक्तीने ठरवून दिलं होतं, हे स्पष्ट सांगितल्यावरही वाचणारे म्हणत राहिले की नाही नाही, त्याचं थोडंफार मत तसंच असणार. म्हणजे परिस्थिती समोर दिसत असूनही आपण माणसाच्या स्वभावालाच धरतो. पुढे १९७७ मध्ये ली रॉसने याला नाव दिलं, मूलभूत आरोपण-दोष म्हणता येईल मराठीत. माझं पत्र उशिरा गेलं तर परीक्षा होती, तिचं उशिरा आलं तर ती बेजबाबदार. साडेतीन पानं मी याच एका चुकीवर भरली होती, आणि गोळा केलेला पुरावा शून्य होता.

इथपर्यंत बहुतेकांना मान्य असतं. गडबड पुढे होते. यावरचा उपाय म्हणून आपण पोरांना जी गोष्ट सांगतो ती कायम एकाच साच्यातली असते. एक मुलगी वर्गात उद्धट वागते, सगळे तिला नावं ठेवतात, मग एक दिवस कळतं की तिची आई हॉस्पिटलमध्ये आहे, मग सगळ्यांना रडू येतं आणि सगळे तिला मिठी मारतात. आपण सगळ्यांनी ही गोष्ट शंभर वेळा ऐकली आहे आणि शंभर वेळा सांगितलीही आहे, आणि "कुणाच्या मनात काय चाललंय आपल्याला माहीत नसतं" हे वाक्य त्यातूनच येतं. मला ही गोष्ट आता चुकीची वाटते, नुसती अपुरी नाही, चुकीची. कारण ती पोरांना शिकवते काय? की समोरच्याने आधी पुरेसं मोठं दुःख आणून दाखवायचं, मग आपण त्याची केस परत उघडून त्याला निर्दोष सोडायचं. न्यायाधीश तिथेच बसलेला असतो हो, खुर्चीसकट, फक्त आज त्याचा मूड चांगला आहे. आणि ज्याच्याकडे दाखवायला दुःख नाही त्याचं काय? जो नुसता आळशी आहे, जो नुसता विचित्र हसतो, ज्याला नुसतं कुणाशी बोलावंसं वाटत नाही, त्याला आपल्या या करुणेत जागाच नाही. उलट ज्याचं दुःख खरंच मोठं आहे त्याला ते चारचौघांत उघडं करून दाखवायची सक्ती, ती वेगळीच.

मला हे लेक्चरमधून कुणी शिकवलं असतं तर मी मान डोलावून सोडून दिलं असतं. तिच्या "कंटाळा आला होता" या तीन शब्दांनी मला ते शिकवलं, कारण ते तीन शब्द वाचल्यावर माझ्याकडे तिला माफ करायला काही कारण नव्हतं आणि तरी ती मला हवी होती. कारणाशिवाय एखाद्याला जागा देणं, याला मी करुणा म्हणते. याच्याखालचं जे काही आहे ते फार तर समजूतदारपणा.

आता हे पत्रमैत्रीतच का होतं, वर्गात का होत नाही? वर्गात ज्याचा राग येतो त्याला टाळता येतं, दुसरा बाक पकडता येतो, चार जणींचा ग्रुप करून त्याच्याबद्दल बोलता येतं. पत्रात तुम्ही एकटे असता. तिचा चेहरा दिसत नाही, तिचे मार्क माहीत नाहीत, तिच्या बुटांचा ब्रँड माहीत नाही, म्हणजे निकाल द्यायला जो नेहमीचा माल लागतो तो हाताशी नसतो, आणि त्या जागी भलत्याच गोष्टी येत राहतात, तिची खिडकी कुठल्या दिशेला आहे, तिचा भाऊ झोपेत काय बडबडतो, तिला कुठला आवाज आवडत नाही. या असल्या बारीकसारीक, कशालाच पुरावा म्हणून न चालणाऱ्या गोष्टींचं माणूस बनतं आणि अशा माणसाला एका विशेषणात बसवता येत नाही. शिवाय वेळ. पत्र पाठवलं की ते गेलं, "डिलीट फॉर एव्हरीवन" नाही, आणि उत्तर येईपर्यंत तुमचा राग शिळा झालेला असतो, आज तुम्ही दुसऱ्याच कुणावर तरी चिडलेले असता, आणि महिन्यापूर्वीचा तुमचा निकाल तुमच्याच कडे परत येतो. राग आणि उत्तर यांच्यात चार आठवडे असले की काय होतं ते ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगणं कठीण आहे.

याला नुसता माझा अनुभव म्हणून सोडू नका. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं होतं की दोन गटांतले पूर्वग्रह माणसं एकमेकांच्या संपर्कात आली की कमी होऊ शकतात, पण त्याला काही अटी आहेत, दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एकत्र हवं, सहकार्य हवं, वरून पाठिंबा हवा. २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी अशा ५१५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला आणि निष्कर्ष हाच निघाला की संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो, परिणाम प्रचंड नाही पण सातत्याने दिसणारा आहे. मला त्यांचं पुढचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं, २००८ चं, ज्यात त्यांनी हे का होतं ते तपासलं. समोरच्या गटाबद्दलची माहिती वाढते म्हणून? तर माहितीचा वाटा सगळ्यात कमी निघाला. भीती कमी होणं आणि दुसऱ्याच्या जागी उभं राहता येणं, याचा वाटा त्याहून मोठा. म्हणजे "इतर संस्कृतींची ओळख" नावाचा जो चार्ट आपण पोरांकडून करून घेतो, झेंडे, वेशभूषा, राजधानी, त्याने फारसं काही होत नाही, आणि समोरच्या एका माणसाची धास्ती गेली की बरंच काही होतं.

आणि बरोबरीचा दर्जा ही अट बहुतेक शाळा मोडतात. पत्रं लिहून घेतात ती कुणाला, तर अनाथाश्रमातल्या मुलांना, आपत्तीग्रस्त मुलांना, आणि पत्रात काय तर "काळजी करू नकोस, आम्ही तुझ्यासोबत आहोत". हेतू चांगला असतो, मी नाकारत नाही. पण लिहिणारं पोरगं त्या क्षणी वर उभं असतं आणि वाचणारं खाली, आणि ते दोघांनाही कळतं. यात परत तीच गोष्ट, आधी दुःख दाखवा मग आमचं प्रेम घ्या. त्यापेक्षा दोन अशी मुलं जोडा ज्यांना एकमेकांकडून काहीच नको आहे, तिथे खरी गंमत सुरू होते.

या संदर्भात मला कायम अॅन फ्रँक आठवते, नाझींपासून लपून राहिलेली आणि शेवटी छळछावणीत गेलेली ज्यू मुलगी. तिची डायरी जगाला माहीत आहे, पण त्याच्या आधीचं तिचं एक पत्र आहे, २९ एप्रिल १९४० चं. अमेरिकेत आयोवामधल्या डॅनव्हिल नावाच्या छोट्या गावातल्या एका शिक्षिकेने आपल्या विद्यार्थ्यांना परदेशातल्या पत्रमित्रांची नावं दिली होती, आणि त्यातल्या एका मुलीने अॅमस्टरडॅममधलं अॅनचं नाव निवडलं. अॅन तेव्हा दहा वर्षांची होती. तिने उत्तरात घरच्यांबद्दल, शाळेबद्दल लिहिलं, चित्रांची पोस्टकार्डं जमवते असं सांगितलं, बहीण मार्गोनेही त्या मुलीच्या बहिणीला लिहिलं. १० मे ला जर्मन सैन्य नेदरलँड्समध्ये घुसलं आणि तो पत्रव्यवहार तिथेच थांबला. युद्धानंतर त्या अमेरिकन मुलीच्या मोठ्या बहिणीने परत पत्र टाकलं तेव्हा वडिलांचं, ओटो फ्रँक यांचं उत्तर आलं आणि सगळं कळलं. आपल्याला अॅन भेटते ती आधी दुःख म्हणून, मग मुलगी म्हणून. त्या दोन बहिणींना ती आधी पोस्टकार्डं जमवणारी मुलगी म्हणून भेटली होती. त्यांनी तिचं नाव तिची कहाणी ऐकून निवडलं नव्हतं.

पत्रमैत्रीने सगळं आपोआप छान होतं असं मी म्हणणार नाही, कारण तसं होत नाही. एक धोका ऑलपोर्टनेच सांगून ठेवलाय, माणूस नवीन कुंपण घालतो, म्हणजे "माझा मित्र चांगला आहे, पण तो त्यांच्यातला वाटतच नाही" असं म्हणून एकाला आत घेतो आणि बाकीच्यांसाठी दार तसंच बंद. दुसरा धोका जोसेफ वॉल्थर या संवादाच्या अभ्यासकाने १९९६ मध्ये लिहिला होता, की नुसत्या मजकुरातून ओळख झाली की आपण समोरच्याला फार आदर्श बनवून ठेवतो, कारण तोही निवडून निवडून लिहितो आणि मधल्या जागा आपण आपल्या मनाने भरतो. हे मी स्वतः केलंय, पहिलं वर्षभर माझी मैत्रीण मला जवळजवळ देवी वाटायची आणि म्हणूनच तीन महिन्यांची शांतता मला इतकी झोंबली. पण याच कारणासाठी मी दोन वर्षं म्हणते, एक सत्र नाही. देवी पडायला वेळ लागतो, आणि ती पडल्यानंतर जी पत्रं येतात तीच कामाची.

चॅटवर का नाही, असं विचारतील. मी चॅटच्या विरोधात नाही, पण तिथे तो मधला वेळच नसतो, आणि तोंड न दिसणाऱ्या ठिकाणी माणूस किती मोकाट सुटतो यावर जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्येच लिहून ठेवलंय. पोरांनाही हा वेळ हवा असतो, नाहीतर स्लोली नावाचं अॅप चाललंच नसतं, ज्यात समोरचा जितका लांब तितका मेसेज पोचायला मुद्दाम उशीर लावतात. डेन्मार्कच्या पोस्टाने तर २०२५ संपताना पत्रं वाटायचंच बंद केलं, चारशे वर्षांचं काम. म्हणून कागदच हवा असा माझा हट्ट नाही, अॅपमधून करा, शाळेच्या ईमेलवरून करा, फक्त आठवड्याच्या आत उत्तर जाणार नाही एवढं बघा. आणि पत्ते शाळेचे द्या, घरचे नाही, पोरांना काही खटकलं तर सांगायला एक मोठं माणूस ठरवून द्या, याबाबतीत ढिलाई नको. पण मार्क देऊ नका. ज्या पत्राला मार्क आहेत त्यात कुणी "मला कंटाळा आला होता" असं लिहिणार नाही.

एक आक्षेप मात्र मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. किशोरवयात जो एक धारदार न्याय असतो, "हे चूक आहे" असं बिनधास्त म्हणायची ताकद, ती आपण बोथट करून टाकू का? जी मुलगी वर्गातल्या दादागिरीविरुद्ध उभी राहते तिला आपण "त्याचीही बाजू समजून घे" म्हणून गप्प बसवणार का? अजिबात नाही. जो त्रास देतोय त्याला थांबवायचं, आधी थांबवायचं, करुणा बिरुणा नंतर. मोठ्यांनी करुणेच्या नावाखाली त्रास सहन करायला लावलेली पोरं मी पाहिली आहेत आणि तो अन्याय आहे. मी बोलतेय ते त्या हजार छोट्या निकालांबद्दल ज्यात कुणी कुणाचं काही बिघडवलेलं नसतं. पोरांच्या दिवसात ते जास्त असतात, आणि धार तिथे वाया जाते.

मी काही त्या पत्रानंतर संत झाले नाही. पण त्याच वर्षी आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीने प्रोजेक्टच्या आदल्या दिवशी येणार नाही असं कळवलं आणि मी तिला का असं विचारलं नाही, तिच्या वाटचा चार्ट घेतला आणि रंगवत बसले. का आली नव्हती ते मला आजही माहीत नाही. बाकीच्या तिघी माझ्यावर चिडल्या होत्या.

काही वर्षांपूर्वी मैत्रिणीने घर बदललं तेव्हा तिला माझी जुनी पत्रं सापडली आणि तिने त्या साडेतीन पानांचा फोटो काढून मला पाठवला. पत्रव्यवहारात हे विचित्र असतं ना, की आपलं लिहिलेलं आपल्याकडे नसतंच, दुसऱ्याच्या कपाटात असतं. मी वाचायला घेतलं. "तू" ने सुरू होणारी वाक्यं मोजली, सव्वीस. प्रश्नचिन्ह एकच होतं, आणि तेही "तुला काही वाटतं का?" याच्यापुढे, म्हणजे उत्तर नकोच असलेलं. मग माझ्याकडची तिची त्यानंतरची पत्रं काढली, प्रत्येकात पाच-सहा तरी प्रश्न, सगळे खरे, मांजरीचे, परीक्षेचे, आमच्या जिन्यावरच्या त्या मोडक्या पायरीचे. अमेरिकेतली सॅमंथा स्मिथ नावाची दहा वर्षांची मुलगी १९८२ मध्ये सोव्हिएत संघाचे तेव्हाचे सर्वोच्च नेते आंद्रोपॉव्ह यांना पत्र लिहून तुम्ही युद्ध करणार आहात की नाही असं सरळ विचारून बसली होती आणि तिला उत्तरही आलं, पुढच्या वर्षी तिकडे बोलावणंही आलं. तिने त्यांना झापलं नव्हतं. विचारलं होतं.

शाळांच्या मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास विचारतं की हे सगळं ठीक आहे पण याचा परिणाम मोजणार कसा. माझ्याकडे उत्तर आहे. पत्र पाठवायच्या आधी प्रत्येक मुलाला त्याची एक कॉपी स्वतःजवळ ठेवू द्या, शिक्षकांनी ती बघायची नाही. दोन वर्षांनी त्यालाच पहिलं पत्र आणि शेवटचं पत्र समोर घेऊन बसू द्या आणि प्रश्नचिन्हं मोजू द्या. आकडा त्याने कुणाला सांगायची गरज नाही.